रोज ‘साफसफाई पूर्ण’ म्हणणारी स्क्रिप्ट आणि पहाटे बंद पडलेला काटा

काटेवाला_ईडीपी

नमस्कार मंडळी,

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपीत, म्हणजे संगणक विभागात आहे. ईडीपी म्हणजे दोन खोल्या, एक एसी, मी आणि हंगामापुरता घेतलेला एक पोरगा. पगारबिलं, ऊसबिलं, काटा, जे जे वायरीला जोडलंय ते आमच्या गळ्यात. बी.कॉम. करून फॉक्सप्रोवर सुरुवात केली, लिनक्स अडेल तसं शिकत गेलो. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. फोनवरून लिहितोय, कमांडही देवनागरीतच टाकतो.

गेल्या मंगळवारी रात्री पावणेतीनला काट्यावरून फोन. “साहेब, वजन दिसतंय पण पावती निघंना.” वजनाचा आकडा थेट लोडसेलवरून येतो, पावती मात्र सर्व्हरवरून. म्हणजे आलंच माझ्यावर. मोटरसायकल काढून पोचलो तर यार्ड भरून ट्रॅक्टरची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत. भरलेली गाडी काट्यावर, तिच्या मागं दुसरी चिकटलेली, त्यामुळे मागं घ्यायचीही सोय नाही. गव्हाणीत ऊस कमी पडला की मिल ‘नो केन’ला थांबते आणि सकाळच्या मीटिंगला नो केनची मिनिटं कुणाच्या तरी नावावर लागतात. त्या दिवशी कुणाच्या लागली ते सांगायला नको.

डिस्क शंभर टक्के भरली होती. आमच्याकडे प्रत्येक गाडीची दोन वजनं होतात, भरलेली आणि रिकामी, आणि दर वजनाला तीन कॅमेरे फोटो काढतात. रोज सहाशेच्या आसपास गाड्या, म्हणजे ३,६०० फोटो. एक फोटो साधारण ३०० केबी, रोजचा एक जीबीवर माल. पार्टिशन १५० जीबीचं, डेटाबेसही त्यातच. ४५ दिवसांपेक्षा जुने फोटो पहाटे उडवायला माझ्या आधीच्या साहेबांनी क्रॉनला (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा प्रोग्राम) एक स्क्रिप्ट लावून ठेवली होती. ती अशी (फोटोंच्या फोल्डरात जा, जुने फोटो शोधून त्यांची नावं एक्सआर्ग्जमार्फत आरएमला, म्हणजे फाइल उडवणाऱ्या कमांडला दे, मग लॉगमध्ये नोंद कर):

सीडी $फोटो
फाइंड . -नेम "*.जेपीजी" -एमटाइम +४५ | एक्सआर्ग्ज आरएम -एफ
इको "$(डेट) साफसफाई पूर्ण" >> /होम/सफाई/सफाई.लॉग

क्रॉनच्या ओळीच्या शेवटी नेहमीचं शेपूट, म्हणजे जे काही छापलं जाईल ते कचऱ्यात: > /डेव्ह/नल २>&१

लॉग उघडला. हंगाम सुरू झाल्यापासून १०४ ओळी. १०४ वेळा ‘साफसफाई पूर्ण’. एक रात्र चुकलेली नाही. आणि फोटोंच्या फोल्डरमध्ये मोळी टाकल्या (हंगाम सुरू झाल्या) दिवसापासूनचे सगळे फोटो जागच्या जागी.

त्या रात्री घाईत मी काट्याच्या सॉफ्टवेअरची २२ जीबीची लॉग फाइल आरएम केली. डिस्क किती भरली ते बघायला डीएफ मारलं, तरी शंभर टक्केच. परत मारलं, तेच. शेवटी देवाचं नाव घेऊन सर्व्हर रीबूट केला, तेव्हा जागा झाली. पहिली पावती ३:५० ला निघाली. दुसऱ्या दिवशी सफाईची स्क्रिप्ट सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरनं, हाताने चालवली. दोन सेकंदांत परत आली, ‘पूर्ण’ म्हणाली, एकही फोटो हलला नाही. रूट असूनसुद्धा! 

मागच्या हंगामात हीच स्क्रिप्ट व्यवस्थित चालत होती. यंदा फक्त काट्याचं सॉफ्टवेअर बदललंय.

फोटो का उडत नाहीत ते कळलं तर बरंच, पण मला खरं विचारायचंय ते पुढचं. अशा रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टनं चूक झाली की काय करायचं? एक फाइल अडली म्हणून सगळं थांबवलं तर डिस्क भरणार. चुका गिळून पुढं गेलं तर हे असं. आणि लॉगमध्ये लिहायचं तरी काय? सगळं लिहिलं तर कोण वाचणार, काहीच नाही लिहिलं तर मी रात्री पावणेतीनला मोटरसायकलवर.

निवृत्त_रूट

काटेवाले, बाळबोध वगैरे काही नाही. तीस वर्षं मशिनं सांभाळली, यातल्या निम्म्या चुका मी स्वतः केल्यात आणि उरलेल्या निस्तरल्यात.

आधी एक सांगा, नव्या सॉफ्टवेअरनं फाइलच्या नावात गाडीचा नंबर घातलाय का? ‘एमएच १०’ असा, मध्ये जागा सोडून? असणारच. एक्सआर्ग्ज रिकाम्या जागेवर नाव तोडतो. एका फोटोच्या नावाचे चार तुकडे होतात आणि आरएमला सांगितलं जातं की ‘एमएच’ नावाची फाइल उडव, ‘१०’ नावाची उडव. अशा फाइली नाहीतच. एरवी आरएमनं बोंब मारली असती, पण तुम्ही -एफ लावलाय. -एफचा अर्थच ‘फाइल नसेल तर गप्प बस आणि यश कळव’. म्हणून रूटनं चालवूनही काही झालं नाही. पोस्टमननं सदर इसम राहत नाही म्हणून पत्र परत आणायला हवं होतं, तुमचा पोस्टमन ते ओढ्यात टाकून ‘पोचलं’ लिहितोय.

शेवटची इकोची ओळ तर निव्वळ शोभेची. वर काय झालं याच्याशी तिचा काही संबंध नाही, वरची ओळ संपली की ती छापते. आणि स्क्रिप्टचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल. इको कधी नापास होते का? त्यामुळे क्रॉनच्या लेखी तुमची स्क्रिप्ट १०४ दिवस पहिल्या नंबरानं पास आहे.

२२ जीबीचं कोडं. आरएम फक्त नाव पुसतो. ती फाइल काट्याच्या सॉफ्टवेअरनं उघडून धरली होती. गोदामावरची पाटी काढली म्हणून आतली पोती कमी होत नाहीत. ज्यानं उघडली तो सोडेल तेव्हाच जागा सुटते. रीबूटनं सोडवली. पुढच्या वेळी एलएसओएफ +एल१ चालवा, नाव गेलेल्या पण धरून ठेवलेल्या फाइली दिसतील. आणि चालू लॉग कधी आरएम करू नका. : > फाइल, म्हणजे कोलन आणि बाण, एवढं केलं की ती जागच्या जागी शून्य होते.

सीडीबद्दल बोललो नाही तर झोप लागणार नाही. ते फोल्डर एखाद्या रात्री सापडलं नाही तर सीडी नापास होईल आणि पुढची ओळ जिथं उभी असेल तिथं चालेल. क्रॉनमध्ये ती जागा म्हणजे त्या युजरचं होम. आणि व्हेरिएबल रिकामंच राहिलं तर सीडी नापाससुद्धा होत नाही, मुकाट होममध्ये जाऊन उभी राहते. तुमच्याकडे -नेम लावलेला म्हणून फक्त जेपीजी गेल्या असत्या. मी आरएम -आरएफ * लिहिलेल्या पाहिल्यात. सीडी "$फोटो" || एक्झिट १. यावर चर्चा नाही.

रात्रपाळी

काका बरोबर बोलले. मी भर घालतो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीला सेट -ईयू आणि -ओ पाइपफेल लावा. -ई म्हणजे कमांड नापास झाली की तिथंच थांब, -यू म्हणजे व्हेरिएबलला किंमत दिली नसेल तर थांब, पाइपफेल म्हणजे पाइपमधली मधली कमांड नापास झाली तरी सगळा पाइप नापास. एवढ्यानं ऐंशी टक्के रोग जातो.

मग नावातल्या जागेनं तुकडे होऊ नयेत म्हणून फाइंडला -प्रिंट० लावा आणि एकेक फाइल लूपमध्ये घेऊन उडवा, मोजणी ठेवा, शेवटी लॉगमध्ये आकडा लिहा. मोजणीला ((मोजणी++)) पुरे. आणि एफलॉक -एन लावा, म्हणजे कालची स्क्रिप्ट अजून चालू असेल तर आजची सुरू होणार नाही. क्रॉनचं /डेव्ह/नल काढून टाका, स्क्रिप्टनं काही चूक छापली की क्रॉन स्वतः ती मेलनं पाठवतो.

काटेवाला_ईडीपी

दोघांचेही आभार. काका, नावात जागा आहे. ‘एमएच १०’ सोडाच, गावाचं नावही घातलंय, तेही मराठीत. मागच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसता पावती नंबर होता.

रात्रपाळी, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. सकाळी बघितलं तर एक फोटो उडाला होता. एक. दुसऱ्या दिवशी अजून एक. मेल आला नाही. तिसऱ्या दिवशी तारीखवार फोल्डरांपैकी एकात एक उडाला आणि बाकीच्यांत ‘परमिशन डिनाइड’ असं हाताने चालवल्यावर दिसलं. त्यातही गावाच्या नावाच्या जागी \३४०\२४४\२२५ असलं काहीतरी छापतंय. पोरगा म्हणतो व्हायरस आहे. त्याला चहाला पाठवलाय.

निवृत्त_रूट

पोराला परत बोलवा, व्हायरस नाही, ‘क’ आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटांचं, आणि ‘क’चे ते तीन बाइट अष्टमानात ३४०, २४४, २२५. तुमच्या सर्व्हरवर भाषेची सेटिंग रिकामी असणार, क्रॉनमध्ये तर असतेच, त्यामुळे चुकांच्या संदेशात मराठी नाव छापता येत नाही. स्क्रिप्टमध्ये वर एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८ करा. जाता जाता, फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे मराठीत ८५ अक्षरंच, आणि काना-मात्राही वेगळे मोजले जातात. ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’वाली लांबलचक गावं असतील तर सॉफ्टवेअरवाल्याला आत्ताच सांगून ठेवा.

रोज एकच फोटो का, तर त्या ((मोजणी++)) मुळे. बॅशमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, या कंसाचं उत्तर शून्य आलं की कमांड नापास धरतात. ++ मागे लावला की आधी जुनी किंमत परत येते आणि मग वाढते. पहिल्या वेळी जुनी किंमत शून्य. म्हणजे पहिला फोटो उडतो, मोजणी ‘नापास’ होते आणि सेट -ई स्क्रिप्टचा गळा दाबते. रात्रपाळी, तुमची चूक नाही म्हणत, यात मीही अडकलोय. पण सेट -ई लावलं म्हणजे चुकांचा बंदोबस्त झाला असं समजू नये. इफच्या अटीत, && आणि || च्या डावीकडे ते झोपलेलं असतं, आणि जिथं झोपायला हवं तिथं जागं.

मेल का नाही? सर्व्हरवर मेल पाठवणारा प्रोग्रामच बसवलेला नसणार. सिसलॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) क्रॉनच्या नावानं ‘नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट’ शोधा. सापडेल. /डेव्ह/नल काढलंत, पण क्रॉननं स्वतःचं /डेव्ह/नल तयार ठेवलंय.

आणि परमिशन. इथं बहुतेक लोक फसतात. फाइल उडवायचा हक्क फाइलवर नसतो, ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरवर असतो. नवं सॉफ्टवेअर स्वतःच्या युजरनं रोज नवं फोल्डर करतंय, ७५५ नं, म्हणजे लिहायचा हक्क फक्त मालकाला. तुमच्या ‘सफाई’ युजरला त्यात लिहिता येत नाही, म्हणून काढताही येत नाही. ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क) करायचा मोह होईल, आवरा. दोघांना एका ग्रुपमध्ये घ्या, फोल्डरला ग्रुपचा सेटजीआयडी लावा, म्हणजे आतली नवी फोल्डरंही त्याच ग्रुपची होतील, आणि सॉफ्टवेअरचा युमास्क ००२ करून घ्या, म्हणजे ग्रुपलाही लिहिता येईल. किंवा सरळ सॉफ्टवेअरच्याच युजरच्या क्रॉनमध्ये स्क्रिप्ट टाका. मी असतो तर दुसरं केलं असतं, रूटची गरजच नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, थांबायचं की पुढं जायचं. दोन्ही. सुरू होण्याआधीच्या चुका वेगळ्या आणि एकेका फाइलीच्या चुका वेगळ्या. फोल्डर नाही, व्हेरिएबल रिकामं, दुसरी स्क्रिप्ट चालू आहे, यातलं काहीही असेल तर एकाही फाइलीला हात न लावता बाहेर. एकदा सुरू झालं की मग एक फाइल अडली तर तिची नोंद करून पुढची घ्यायची आणि शेवटी अडलेल्यांची संख्या शून्य नसेल तर नापास होऊन बाहेर पडायचं.

त्यासाठी लूपही नको. फाइंडच पुरेसा आहे:

फाइंड "$फोटो" -टाइप एफ -नेम "*.जेपीजी" -एमटाइम +४५ -डिलीट -प्रिंट > यादी २> चुका

-प्रिंट मुद्दाम -डिलीटच्या नंतर आहे. उडवणं जमलं तरच फाइंड पुढं सरकतो आणि नाव छापतो. म्हणजे ‘यादी’त खरोखर उडालेल्याच फाइली येतात आणि अडलेल्यांचं रडगाणं ‘चुका’मध्ये. दोन्हींच्या ओळी मोजा, झाली मोजणी. पण हात जोडून सांगतो, -डिलीट कधीही -नेमच्या आधी येऊ देऊ नका. फाइंड डावीकडून उजवीकडे वाचतो. आधी उडवेल, मग नाव जुळतं का बघेल. नवीन ओळ लिहिली की पहिल्यांदा -डिलीट काढून नुसत्या -प्रिंटनं चालवायची, यादी डोळ्यांखालून घालायची. आणि +४५ म्हणजे पूर्ण ४६ दिवस झालेल्या, अर्धे-मुर्धे दिवस तो सोडून देतो. एका दिवसानं हिशोब चुकला म्हणून घाबरू नका.

रात्रपाळी

काका, ++ बद्दल कान पकडले. आमच्याकडे दोन स्क्रिप्टांत तेच सापडलं आत्ता. मोजणी १ पासून सुरू केलेली, म्हणून आजवर वाचलो.

पण उडालेल्या प्रत्येक फाइलीचं नाव कशाला लिहायचं? लॉग फुगेल. आकडा पुरे की.

निवृत्त_रूट

३,६०० नावं, एक नाव धरा शंभर बाइट. रोजचे साडेतीनशे केबी. एका फोटोएवढं! गुंडाळून ठेवलं तर त्याच्या दशांश. उद्या एखादा शेतकरी म्हणाला माझ्या गाडीचा फोटो दाखवा, तर ‘अमुक तारखेला मुदत संपून उडाला’ एवढं तरी दाखवता येईल. नावं वेगळ्या फाइलीत ठेवा, रोजच्या लॉगमध्ये एकच ओळ. ती मात्र रोज. काही उडवायला नसलं तरी ‘सापडले शून्य’ अशी. आणि लॉग ज्या पार्टिशनची सफाई करायची त्याच्यावर ठेवू नका, डिस्क भरली की पहिली अडचण लॉग लिहायचीच येते.

अल्बमवाली

मी लग्नाचे फोटो-अल्बम करते, सर्व्हर वगैरे नवरा बघायचा, आता मीच बघते. काटेवाले दादा, तुमच्या प्रश्नात नाही पण सांगते, कारण मी हे भोगलंय.

आमच्याकडेही अशीच ९० दिवसांची स्क्रिप्ट होती. एका जुन्या गिऱ्हाइकाचे फोटो बाहेरच्या डिस्कवरून परत सर्व्हरवर आणले, संध्याकाळी सात वाजता. आरसिंक -ए या कॉपी करायच्या कमांडनं. सकाळी फोल्डर रिकामं. -ए जुन्या तारखा जशाच्या तशा ठेवतो ना! फोटो काढलेले आठ वर्षांपूर्वीचे. फाइंडच्या दृष्टीनं ते ९० दिवसांपेक्षा जुनेच, आणले कधी याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अंगावर काटा आला, तुमचा वजनाचा नव्हे. बाहेरची डिस्क अजून जवळच होती म्हणून निभावलं. झिप उघडली तरी तेच होतं. म्हणजे तुम्ही कधी बॅकअपवरून फोटो परत आणले तर त्याच रात्री ते पुन्हा जाणार.

मी तेव्हापासून दोन गोष्टी करते. परत आणलेला माल सफाईच्या फोल्डरात ठेवतच नाही. आणि स्क्रिप्ट उडवायच्या आधी मोजते. आमच्याकडे रोज फार तर तीनशे फाइली निघतात. हजाराच्या वर निघाल्या तर काही न उडवता थांबते आणि फोनवर संदेश टाकते. दोन वर्षांत दोनदा थांबली, दोन्ही वेळा थांबली ते बरंच झालं.

काटेवाला_ईडीपी

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. आम्ही ३,६०० च्या जागी ६,००० ची मर्यादा घातली. फक्त पहिल्या दिवशी साठेक दिवसांची थकबाकी होती, दोन लाखांवर फोटो. ती हाताने, आठ-आठ दिवसांचे तुकडे करून काढली, नाहीतर मर्यादा पहिल्याच रात्री अडली असती.

एक विचारतो, स्क्रिप्टमध्ये सुधारणा करायची तर सरळ सर्व्हरवर उघडून सेव्ह करतो. चालेल ना?

निवृत्त_रूट

चालत असताना नाही! यावर एक खरी गोष्ट आहे आणि ती तुमच्याच धंद्यातली, म्हणजे जुन्या लॉगच्या सफाईतली.

डिसेंबर २०२१, जपानचं क्योटो विद्यापीठ. महासंगणकाच्या साठवणीचा बॅकअप घेणाऱ्या प्रोग्राममध्ये दहा दिवसांपेक्षा जुने लॉग फाइंडनं उडवायची पायरी होती. पुरवठादार कंपनीनं स्क्रिप्ट सुधारली, व्हेरिएबलची नावं वाचायला सोपी केली, आणि जुनी चालू असतानाच नवी तिच्यावर चढवली. बॅश स्क्रिप्ट पूर्ण वाचून मग चालवत नाही, चालवत चालवत पुढची वाचतो. अर्धी जुनी झाली आणि पुढची अर्धी नवी आली. नव्या नावांच्या व्हेरिएबलांना किंमत दिलेलीच नव्हती. लॉगच्या फोल्डराऐवजी संशोधकांच्या डेटावर फाइंड फिरला. १४ ते १६ डिसेंबर, सुमारे ७७ टीबी, ३ कोटी ४० लाखांच्या आसपास फाइली. १४ गटांचं नुकसान, त्यातल्या चार गटांचा डेटा बॅकअपवरूनही परत आला नाही. कंपनीनं चूक लेखी कबूल केली.

तेव्हा नवी स्क्रिप्ट दुसऱ्या नावानं लिहा आणि एमव्हीनं (नाव बदलून) जुन्या जागी आणा. चालू असलेल्याच्या हातात जुनीच राहते. हेच ते नाव आणि माल वेगळे असण्याचं तत्त्व, तुमच्या २२ जीबीनं जे नुकसान केलं तेच इथं फायदा करतं. शिवाय सगळा मजकूर एका फंक्शनमध्ये घाला आणि शेवटी ते फंक्शन बोलवून त्याच ओळीत एक्झिट. मग बॅशला आधी पूर्ण वाचावंच लागतं. सेट -यू तर आहेच, तिथं ते असतं तर रिकाम्या व्हेरिएबलवर स्क्रिप्ट मेली असती.

मेल लावाल तेव्हा हेही ध्यानात ठेवा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या माणसानं चुकून चालू डेटाबेसचं फोल्डर उडवलं. बॅकअप बघायला गेले तर तो कित्येक दिवस होतच नव्हता, आवृत्ती जुळत नव्हती म्हणून. चूक झाल्याचे मेल क्रॉन पाठवत होता, पण सहीविना मेल म्हणून पलीकडचा सर्व्हर परत लावत होता. त्यांनी स्वतःच हे सगळं जाहीर लिहिलंय. म्हणून ‘चूक झाली की मेल’ यावर भिस्त ठेवू नका. ‘सगळं ठीक’चा संदेश रोज यावा, आणि ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी उठून बघावं.

काटेवाला_ईडीपी

मंडळी, दहा दिवस झाले, सांगायला आलो.

स्क्रिप्ट आता सॉफ्टवेअरच्या युजरनं चालते. काकांचा फाइंड, ताईंची मर्यादा, रात्रपाळींचा एफलॉक. मी स्वतःचं एकच घातलं. आमच्या काट्यावर गाडीवाल्यानं सांगितलेलं वजन कुणी धरत नाही. भरलेली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, वजाबाकी म्हणजे ऊस. तसं स्क्रिप्टनं सुरू व्हायच्या आधी डीएफ घ्यायचं, संपल्यावर परत घ्यायचं आणि डिस्क किती भरलीय ते दोन्ही लिहायचं, आधीचं ‘भरलेली’ आणि नंतरचं ‘रिकामी’ म्हणून. उडवल्याचा आकडा आणि मोकळी झालेली जागा यांचा मेळ बसला नाही तर काहीतरी कुणीतरी धरून ठेवलंय. पोरगा रोज सकाळी साडेआठला ती ओळ ईडीपीच्या वहीत हातानं उतरवतो. ओळ नसेल तर मला फोन. हीच आमची पलीकडून परत न येणारी मेल.

कालची ओळ:

पहाटे ४:१० | भरलेली ९१ जीबी | रिकामी ९० जीबी | सापडले ३,५८१ | उडाले ३,५७८ | अडले ३ | ४१ सेकंद

हे ‘अडले ३’ पहिल्या दिवसापासून रोज येत होतं. रोज तेच तीन. ‘परमिशन डिनाइड’ही नाही, ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. फोल्डर तपासलं, मालक तपासला, सगळं बरोबर. रूटनं काढून बघितलं, रूटलाही काढता येईनात. फोटो मागच्या हंगामातले, एकाच ट्रॅक्टरचे, पुढून, वरून, मागून. शेवटी एलएसएटीटीआर चालवलं तर तिन्हींवर ‘आय’चं कुलूप, म्हणजे ते काढेपर्यंत फाइल कुणालाच बदलता-उडवता येत नाही. चॅटर +आय करून कुणीतरी मुद्दाम ठेवलेले.

आधीच्या साहेबांना फोन केला. निवृत्त होऊन गावी असतात. म्हणाले, “त्या गाडीच्या वजनाची तक्रार होती, शेती विभागानं निकाल लागेपर्यंत फोटो राखायला सांगितलेले. म्हटलं माझ्याच स्क्रिप्टनं उडायला नकोत, म्हणून कुलूप घातलं. तुला सांगायचं राहिलं बघ.”

शेती विभागात विचारलं. तक्रार अजून चालू आहे आणि फोटो आहेत की नाहीत हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं.

तिन्ही फोटो ‘राखीव’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात हलवले, आधी कुलूप काढून, मग परत घालून. आजच्या ओळीत अडले शून्य. पोरानं वहीत शून्याला गोल करून पुढं बरोबरची खूण केलीय.